लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यायची आहे, फक्त नेमबाजीच्या आनंदासाठी. कोणती घ्यावी?

डावखुरा_नेम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तीन वर्षं .२२ बोल्ट-ॲक्शनवर कागदी टार्गेटं मारतोय. मी डावखुरा आणि बोल्ट उजव्या बाजूला. त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर हात पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, परत यायचं आणि गाल पुन्हा दस्त्यावर टेकवायचा. याची सवय झाली होती. गेल्या महिन्यात रेंजवर एका ज्येष्ठ सभासदांनी आपली लिव्हर-ॲक्शन (ट्रिगरभोवतीची लिव्हर पुढे ढकलून परत आणली की नवीन काडतूस चढतं ती) माझ्या हातात दिली. दहा गोळ्या झाडल्या आणि दहाही वेळा गाल जागचा हलला नाही. त्या दिवसापासून दुसरं काही सुचत नाहीये.

परवाना, कुलूपबंद कपाट वगैरे सगळं आधीपासून आहे. शिकार करत नाही, करायचीही नाही. २५ ते १०० मीटर, कागद आणि स्टीलच्या प्लेटा, एवढंच. डाव्या खांद्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय, तेही लक्षात घ्या.

मनात तीन आहेत (कंसात त्यांचं काडतूस): विंचेस्टर ९४ (.३०-३०), मार्लिन १८९५ (.४५-७०) आणि हेन्री बिग बॉय (.३५७). मार्लिन दिसायला इतकी देखणी आहे की मन तिकडेच ओढ घेतं. अनुभवी लोकांनी सांगावं.

---

काडतूसवाला

स्वागत. आधी काडतूस ठरवा, रायफल त्याच्या मागून ठरते. तुम्ही दिलेल्या तिघी एका जातीच्या दिसतात, पण त्यांची कामं अगदी वेगळी आहेत.

.४५-७० हे १८७३ सालचं काडतूस, अमेरिकी सैन्यासाठी आलेलं. मूळ गोळी ४०५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). ते आजही झकास चालतं, पण ऑपरेशन झालेल्या खांद्याने एका बैठकीत पन्नास झाडणं मला योग्य वाटत नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. या काडतुसाच्या दाबाच्या तीन पातळ्या बाजारात आहेत: जुन्या ट्रॅपडोअर रायफलींना झेपेल अशी सौम्य, आधुनिक लिव्हर-ॲक्शनसाठीची मधली, आणि त्याहून मजबूत सिंगल-शॉट रायफलींसाठीची. तिन्ही काडतुसं एकाच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) बसतात. खोक्यावर काय लिहिलंय ते न वाचता भरण्याचं हे काडतूस नव्हे.

.३०-३० आलं १८९५ साली. १७० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २२०० फूट वेगाने जाते. १०० मीटरला अगदी सरळ, खांद्याला सोसवेल असा धक्का. पण ते खरं रायफलचं काडतूस आहे, जवळच्या स्टीलवर मारण्यासाठी नाही. बऱ्याच रेंजवर अशा काडतुसांना स्टीलसाठी १०० यार्डांच्या आतबाहेर किमान अंतर ठेवायला लावतात, आणि प्लेट कठीण पोलादाची, एआर५०० दर्जाची लागते.

.३५७ मॅग्नम तुमच्या कामाचं. त्याच चेंबरमध्ये .३८ स्पेशल चालतं. .३८ ची १५८ ग्रेनची शिशाची गोळी कार्बाइनच्या (आखूड रायफलीच्या) नळीतून झाडली की आवाज आणि धक्का दोन्ही .२२ च्या मोठ्या भावासारखे वाटतात. आणि पूर्ण ताकदीचं .३५७ भरलंत तर रिव्हॉल्व्हरमध्ये १२००–१३०० फुटांनी जाणारी तीच गोळी लांब नळीतून १७००–१८०० पर्यंत पोचते. एका रायफलीत दोन स्वभाव मिळतात.

सपाटीचा अंदाज हवा असेल तर: ५० मीटरला झिरो केलेली (साइट त्या अंतराला जुळवलेली) .३८ ची गोळी १०० ला जवळजवळ फूटभर खाली लागते. पूर्ण ताकदीची .३५७ साधारण दहा सेंटिमीटर.

---

जुनी_विंचेस्टर

काडतूसवाले यांच्या हिशोबाशी भांडण नाही. तरी .३०-३० ला इतक्या लवकर बाजूला सारू नये असे मला मनापासून वाटते. जॉन ब्राउनिंगने केलेले १८९४ चे मॉडेल ७० लाखांच्या वर बनले. रिकामी रायफल फ्रेमपाशी एका हातात धरून चालून पाहा, तोल नेमका तळहातात येतो. ही गोष्ट कागदावर उतरत नाही. बिग बॉयची पितळी फ्रेमची आवृत्ती चार किलोच्या आसपास भरते. टेकणीवर ठीक, उभ्याने वीस गोळ्या झाडल्यावर दंड भरून येतात.

थोडा इतिहास सांगतो, कारण निवड करताना तो उपयोगी पडतो. बेंजामिन टायलर हेन्रीची १८६० ची रायफल सोळा गोळ्या घ्यायची, पण नळीखालचे काडतुसांचे नळकांडे पुढून भरावे लागे. १८६६ मध्ये विंचेस्टरने फ्रेमच्या उजव्या बाजूला भरण्याची खिडकी दिली. ती नेल्सन किंगची कल्पना. १८७३ चे मॉडेल टॉगल-लिंकवर चालते, म्हणजे गुडघ्यासारखा सांधा सरळ होऊन बोल्टला आधार देतो. त्यातला उचलणारा ठोकळा काडतुसाला सरळ वर नेतो, तिरपे करत नाही. म्हणून ७३ लोण्यासारखी चालते. अमेरिकेत सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या काउबॉय सामन्यांत वेगाने झाडणारे लोक आजही ७३ च्या इटालियन प्रतिकृती घेतात, त्या यामुळे. पण ठोकळ्याची लांबी ठरलेली असल्याने काडतुसाची लांबी जरा इकडेतिकडे झाली की अडते.

१८९२ हे ब्राउनिंगचे, १८८६ च्या मोठ्या मॉडेलची लहान आवृत्ती. बोल्टला जागी धरणारे दोन उभे लॉकिंग लग, फार भक्कम. ब्राझीलची रॉसी ९२ याच आराखड्याची, आणि तिची .४५४ कॅसूल या फार जोरकस काडतुसाची आवृत्तीही निघाली आहे. यावरून ताकद समजावी.

एक खुलासा: हल्लीची हेन्री कंपनी आणि १८६० ची हेन्री यांचा नावापलीकडे संबंध नाही. आजची कंपनी १९९६ मध्ये सुरू झाली.

---

सांजवात

मीही डावरी आहे, म्हणून लिहिते.

लिव्हर-ॲक्शन दोन्ही हातांना सारखी, असं लोक सांगतात. ते लिव्हरपुरतं खरं आहे. भरण्याची खिडकी मात्र उजव्या बाजूलाच असते. उजवे लोक डाव्या हाताने रायफल धरतात आणि उजव्या अंगठ्याने भरतात. आपण उलटं करायचं: डावा हात दस्त्याच्या मुठीवर, नळी टार्गेटकडे, आणि उजव्या हाताने भरायचं. खरं तर मला हे जास्त बरं वाटतं, कारण मुठीवरचा हात सोडावाच लागत नाही. अंगठ्याला खिडकीची पट्टी चावते, ती टाळायची युक्ती अशी: काडतूस पूर्ण आत ढकलायचं नाही, बूड थोडं बाहेर ठेवायचं आणि पुढच्या काडतुसाच्या टोकाने ते आत सरकवायचं. फक्त शेवटचं तेवढं अंगठ्याने.

रिकामी टोपणं (झाडलेल्या काडतुसांची पितळी आवरणं) कुठे उडतात हे जरूर बघा. जुनी ९४ आणि ९२ थेट वर फेकतात. एकदा गरम टोपण कॉलरमधून आत गेलं होतं. तेव्हा रायफल खाली न फिरवता नळी पुढे धरून उभं राहणं फार कठीण गेलं. आता गळ्याशी बंद शर्ट, टोपी आणि चष्मा याशिवाय मी उभी राहत नाही. मार्लिनची वरची बाजू बंद असते आणि टोपण उजवीकडे जातं. आपला चेहरा डावीकडे, त्यामुळे ते आपल्यापासून दूरच.

क्रॉस-बोल्ट सेफ्टी (आडवं दाबायचं सुरक्षेचं बटण) असेल तर ती उजव्या हातासाठी बसवलेली असते. दाबायची दिशा घरी रिकाम्या रायफलीवर पाठ करून घ्या.

आणि एक विचारते, .२२ चीच लिव्हर-ॲक्शन का नको? तुमच्याकडे काडतुसं आहेत, सवय आहे. ब्राउनिंग बीएल-२२ ची लिव्हर फक्त ३३ अंश फिरते आणि ट्रिगर लिव्हरबरोबर खाली जातो, त्यामुळे बोट मध्ये सापडत नाही. मार्लिन ३९ए तर एका मोठ्या स्क्रूवर दोन भागांत सुटते आणि मागून साफ करता येते. माझी सुरुवात बीएल-२२ वर झाली. आज .३५७ पण आहे, तरी महिन्याला जास्त गोळ्या कुठल्या झाडते तर .२२ च्या.

---

डावखुरा_नेम

सांजवात, फार फार आभार. उजव्या हाताने भरायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. .२२ चा मुद्दा पटतो, पण .२२ बोल्ट आहेच हाताशी. स्टीलच्या प्लेटवर थोडा जड टणत्कार ऐकायचाय, हे प्रामाणिकपणे सांगतो.

.४५-७० सोडली. वाईट वाटलं, पण खांदा आधी.

---

पिंपळपान

नळकांड्याच्या मॅगझिनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय, नवीन माणसाने हे आधी वाचावं.

लिव्हर-ॲक्शनमध्ये काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला, तिथल्या प्रायमरला (ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीला) टेकलेलं. सेंटरफायर (प्रायमर बुडाच्या मध्यात असलेल्या) काडतुसात कडक टोकदार गोळी असेल तर धक्क्याने ती प्रायमरवर आपटून नळकांड्यातच काडतूस पेटू शकतं. म्हणून या रायफलींत चपट्या किंवा बोथट नाकाच्या गोळ्या वापरतात. हॉर्नडीने लवचिक टोकाच्या गोळ्या काढल्या, त्या टोकदार दिसल्या तरी याच कामासाठी बनवलेल्या आहेत. .२२ ला ही भानगड नाही, तिचा बार काठात असतो.

टोकदार गोळ्या हव्याच असतील तर वेगळ्या मॅगझिनच्या लिव्हर-ॲक्शन आहेत. विंचेस्टर १८९५ ची पेटी, सॅव्हेज ९९ चं फिरतं मॅगझिन, ब्राउनिंग बीएलआरची काढता येणारी पेटी. २५ ते १०० मीटरसाठी त्यांची गरज नाही.

दुसरं म्हणजे रिकामी करणं. खिडकीवाल्या बहुतेक रायफली रिकाम्या करताना प्रत्येक काडतूस चेंबरमधून फिरवूनच बाहेर काढावं लागतं. पुढून भरायच्या नळकांड्याचा इथे फायदा आहे, आतली पितळी नळी ओढली की सगळी काडतुसं ओतता येतात. हेन्रीची बरीच मॉडेलं आता दोन्ही सोयी देतात.

---

मृगाचा_पाऊस

साइटविषयी लिहितो, कारण माझ्या मते निम्मे लोक रायफलीला नावं ठेवतात आणि दोष साइटचा असतो.

कारखान्यातून येणारी मागची साइट बहुधा बकहॉर्न, म्हणजे शिंगांसारखी. पंचेचाळिशीनंतर डोळ्याला मागची खाच, पुढची माशी आणि टार्गेट या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. छिद्राची साइट लावून बघा. छिद्राकडे बघायचंच नाही, त्यातून बघायचं. डोळा आपोआप मध्य शोधतो, आणि मागची साइट डोळ्याजवळ गेल्याने दोन साइटमधलं अंतर वाढतं. माझा ५० मीटरचा गट या एका बदलाने जवळपास निम्मा झाला. रायफल तीच, काडतुसं तीच.

दुर्बीण लावायची असेल तर वरून टोपण फेकणाऱ्या जुन्या ९४ वर ती मधोमध बसत नाही. विंचेस्टरने १९८२ च्या सुमारास तिरपं फेकणारी रचना आणली ती याच अडचणीमुळे. बंद डोक्याच्या मार्लिनला ही अडचण नाही. पण दुर्बिणीखाली हॅमरला (मागे ओढायच्या घोड्याला) अंगठा पोचत नाही, म्हणून त्याला बाजूने आलेला छोटा खुंट लावावा लागतो. डावखुऱ्याने तो डाव्या बाजूला येईल असा बसवावा.

अवांतर: मोठ्या गोल लिव्हरच्या मोहात पडू नका. जाड हातमोजे घालणाऱ्यांसाठी ती उपयोगी. बाकीच्यांची बोटं आत सैल राहतात आणि गाठींवर आपटतात. साध्या लिव्हरला चामड्याची पट्टी गुंडाळली की खूप फरक पडतो.

---

शांत_रेंज

मला एक प्रसंग सांगायचा आहे. तो सांगायला आजही जड जातं, पण नव्या माणसाला उपयोग होईल.

सहा वर्षांपूर्वीची थंडीतली सकाळ. चेंबरमध्ये काडतूस, हॅमर मागे ओढलेला, आणि तेवढ्यात रेंजवर थांबण्याचा पुकारा झाला. मी हॅमर हळूच खाली सोडायला गेलो: अंगठ्याने धरायचा, ट्रिगर दाबायचा, सावकाश उतरवायचा. बोटं गारठली होती. अंगठा निसटला आणि बार झाला. नळी मातीच्या बांधाकडेच होती. कोणाला काही झालं नाही. पण पुकाऱ्यानंतर माझ्या रायफलीतून गोळी गेली होती. मी त्या दिवशी रायफल बंद करून घरी आलो आणि महिनाभर तिला हात लावला नाही.

तेव्हापासून माझा नियम एकच: जिवंत काडतुसावर हॅमर उतरवायचा नाही. थांबायचं असेल तर बोट ट्रिगरबाहेर, लिव्हर उघडायची, काडतूस बाहेर काढायचं आणि लिव्हर उघडीच ठेवायची. दुरून बघणाऱ्यालाही रायफल उघडी दिसते. नळकांड्यात अजून काडतुसं असतात हे विसरायचं नाही, आणि कोणी टार्गेटकडे जाणार असेल तर तीही काढायची.

प्रत्येक मॉडेलची यंत्रणा वेगळी. जुन्यांत हाफ-कॉकची (हॅमर अर्ध्यावर अडकवायची) खाच, हल्लीच्या विंचेस्टरमध्ये आपोआप मागे सरणारा हॅमर, हेन्री बिग बॉयमध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबला तरच हॅमरचा ठोका पुढे पोचवणारी पट्टी). माहितीपुस्तक पूर्ण वाचा. लिव्हर उघडी ठेवण्याची सवय मात्र सगळ्यांना लागू.

---

जुनी_विंचेस्टर

शांत_रेंज, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आमच्याकडे नवीन येणाऱ्यांना आता हाच प्रतिसाद वाचायला देईन.

---

काडतूसवाला

वापरलेली घेणार असाल तर काय बघायचं तेही सांगून टाकतो, कारण चांगल्या .३५७ लिव्हर-ॲक्शन बऱ्याचदा वापरलेल्याच मिळतात.

डमी (बार नसलेली) काडतुसं बरोबर न्या. मालकाच्या परवानगीने ती भरा आणि आधी अगदी सावकाश, मग जोरात लिव्हर फिरवा. सावकाश फिरवताना उचलणारी पट्टी काडतूस अर्धवट सोडत असेल किंवा मागचं काडतूस तिच्याखाली घुसत असेल तर झीज झालीय. मार्लिनमध्ये ही झीज बघायलाच हवी. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलाय. नळीच्या तोंडाचा काठ भिंगाने बघा. या रायफलींपैकी बऱ्याच पुढूनच साफ कराव्या लागतात आणि गजाने तो काठ घासून निघतो. नळकांड्याला पोचा आहे का, दस्त्याच्या मानेत केसाएवढी चीर आहे का. मी स्वतः एकदा ती चीर न बघता घेतली, विकणाऱ्याने पॉलिशखाली झाकली होती. दस्ता दोन महिन्यांत दुभंगला.

मार्लिनच्या जुन्या नळ्यांवर जेएम असा शिक्का असतो. २०२० मध्ये रुगरने मार्लिन घेतल्यानंतर बनलेल्यांचा क्रमांक आरएम अक्षरांनी सुरू होतो. या दोन्ही काळातल्या मी वापरल्यात, दोन्ही आवडल्या.

आणि .३८ भरपूर झाडून मग .३५७ भरणार असाल तर मध्ये चेंबर घासा. .३८ चं टोपण तोकडं, त्याच्या तोंडाशी काजळीचं कडं साचतं आणि लांब .३५७ त्यात अडकतं. पूर्ण चपट्या वॉडकटर गोळ्या .३८ च्या असल्या तरी लिव्हर-ॲक्शनमध्ये नीट चढत नाहीत, त्या टाळा.

---

डावखुरा_नेम

दोन महिन्यांनी परत आलोय. उशिराबद्दल क्षमस्व, कागदपत्रांत वेळ गेला.

मार्लिन १८९४सी घेतली, .३५७, साडेअठरा इंची नळी, जेएम शिक्का. नळकांड्यात नऊ बसतात. विंचेस्टर ९४ पण हातात घेऊन चालून पाहिली. जुनी_विंचेस्टर म्हणतात तो तोल खरा आहे, दहा मिनिटं ती खाली ठेववत नव्हती. पण वरून उडणारी टोपणं, माझा खांदा आणि २५ मीटरच्या प्लेटा यांचा विचार करून मार्लिनवर आलो. डमी काडतुसं घेऊन गेलो होतो, सावकाश फिरवूनही एकही अडकलं नाही. छिद्राची साइट पहिल्याच आठवड्यात लावली.

पहिल्या दिवशी फक्त .३८, १५८ ग्रेन शिसं. २५ मीटरला दहा गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळली. ५० ला तळहाताने झाकला जाईल एवढा गट. मग वेगाने मारायला गेलो आणि तिसऱ्या गोळीला अडकली. लिव्हर पूर्ण पुढे न नेताच मागे ओढली होती. बाजूच्या ज्येष्ठांनी सांगितलं, लिव्हर थांबेपर्यंत ढकल, मगच परत आण. त्यानंतर साठ गोळ्या बिनतक्रार गेल्या. संध्याकाळी खांद्याला काही जाणवलं नाही. सांजवात यांच्या युक्तीने भरत होतो, अंगठाही शाबूत.

शेवटी सहा .३५७ झाडल्या, १०० मीटरच्या प्लेटवर. पहिली दोन खाली मातीत गेली. माशी थोडी वर धरली आणि तिसरीला आवाज आला. गोळी सुटल्यावर क्षणभर काहीच नाही, आणि मग लांबून, उशिरा, टण्ण.